तासिका तत्त्वावर

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा मी
बोअरच्या गाळाच्या पिशव्यांवर खोली लिहीत होते.
यावलकडची बोअर. नव्वद फूट, पिवळी माती.
एकशे चाळीस, गोटे.
दोनशे दहा, पुन्हा पिवळी माती.
तापीनं किती आणून टाकलंय
त्याचा तळ आमच्या विभागाला अजून लागलेला नाही.
विभाग म्हणजे मी, एक सूक्ष्मदर्शक,
आणि शिपाई दगाभाऊ, जे नमुन्यांची पेटी उचलताना
दर वेळी विचारतात, यात सोनं कधी निघेल.

अकरा वर्षं मी तासावर आहे.
तास झाला तर पैसे.
निवडणूक लागली, यात्रा भरली, केळीला पाणी द्यायला
मुलं शेतात थांबली, तर नाही.
आणि फळ्यावर लिहिते: साडेसहा कोटी वर्षं.
मागच्या बाकावरून भूषण फेगडे म्हणतो,
मॅडम, याचं तासांत बिल काढलं तर?
वर्ग हसतो. मीही हसते.
घरी जाऊन खरोखर गुणाकार करून पाहिला.
कॅल्क्युलेटर पुरला, रजिस्टर पुरलं नसतं.

चोपड्याहून सकाळची एसटी.
विदगावच्या पुलावर गाडी हळू झाली,
खाली नदीनं कापलेली दरड दिसली,
थरावर थर, कुणी न वाचलेलं.
मांडीवर फाईल. फाईलवर डबा.

समोर पाचजण, पाच पाण्याच्या बाटल्या.
शोधनिबंध किती?
दोन.
अनुदान?
नाही.
भूगर्भातील ऊर्जा हा नवा अभ्यासक्रम आहे,
आपला त्यातला अनुभव?

मी वही काढली.
उनपदेवच्या झऱ्याची. दर महिन्याचा दुसरा शनिवार.
गोमुखाखाली कुणी साबण लावून बसलेलं असायचं,
त्याचं आटपेपर्यंत आम्ही थर्मामीटर धरून उभे.
एकदा एक आजोबा ओले होऊन म्हणाले,
ऊन पानी शे माय, त्याले मोजतस काय?
प्रत्येक आकड्यापुढे मोजणाऱ्याची सही आहे:
सायसिंग पावरा. हर्षाली भंगाळे. रुमली बारेला.
रुमलीचा सात मी नेहमी एक समजायचे,
मग तिनं त्याला मधे आडवी रेघ द्यायला सुरुवात केली.

चौघांनी वही पुढे सरकवली.
पाचव्यानं, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं, पानं उलटली,
एका ठिकाणी बोट ठेवलं.
या महिन्यात दोन अंश एकदम का उतरलं?
त्या दिवसातला तो एकच प्रश्न होता.
मी म्हटलं, माहीत नाही, सर.
पाऊस नव्हता. थर्मामीटर तोच होता.
तो म्हणाला, हं.
आणि बराच वेळ तिथून बोट काढेना,
शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

जागा दुसऱ्याला मिळाली.
मला ते दगाभाऊंकडून कळलं, त्यांना पानवाल्याकडून.
मुलगा हुशार आहे म्हणतात. असेलही.
त्यानं परवा फोन करून
वहीची झेरॉक्स मिळेल का, असं विचारलं.
मी अजून काही बोललेले नाही.

रात्री रुमलीचा फोन.
गुजरातेत एका तेलविहिरीवर असते ती आता,
चाळणीतून वर येणारा चुरा पाहते, रात्रपाळीत,
माझ्या दुप्पट पगारावर.
मॅडम, अडीच हजार मीटर झाले.
कसला दगड?
काळा शेल. आणि गरम, हातात धरवत नाही.
मागं यंत्राची घरघर. कुणीतरी हिंदीत ओरडत होतं.
लिहिलंस का? मी विचारलं.
हो, ती म्हणाली, सात आहे शेवटी,
आडवी रेघ दिली आहे.

उद्या दुसरा शनिवार.
फेगडेनं मोटरसायकल आणतो म्हटलंय,
पेट्रोल मी द्यायचं.
थर्मामीटर मी कापडात गुंडाळून
डब्याच्या पिशवीत, भाकरीशेजारी ठेवलाय,
आणि वही वर, हाताशी.
त्या दोन अंशांवर पेन्सिलीनं गोल केलाय.
खाली जागा सोडली आहे.